बोटाचे काज

बोटाला मार लागला, एक्स-रे काढला आणि हाड शाबूत निघाले, की आपल्याकडे एक शब्द हमखास ऐकू येतो: मुका मार. शब्द मोठा दिलासा देणारा आहे. मोडलेले काही नाही, तेव्हा चार दिवसांत आपोआप बरे होणार, असा त्याचा अर्थ रुग्ण घेतो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. बोटाच्या मधल्या सांध्याच्या बाबतीत मात्र हा दिलासा कधी कधी महागात पडतो. पंधरा-वीस दिवसांनी सूज उतरते, ठणका थांबतो आणि मग लक्षात येते की बोट मधल्या सांध्यात वाकलेलेच राहते आहे. टोकाचे पेर उलट नखाच्या बाजूला ताठ झाले आहे. तळहात टेबलावर पालथा ठेवला तर बाकीची बोटे सपाट टेकतात आणि हे एक बोट कमानीसारखे उभे राहते.

या व्यंगाला वैद्यकात ‘बूटोनिएर’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ अगदी घरगुती आहे: सदऱ्याचे काज. गुंडी ज्यातून बाहेर येते ते. शिंप्याच्या दुकानातला हा शब्द शल्यविशारदांनी का उचलला, हे कळले की दुखण्याचे निम्मे कोडे सुटते. उपचार वरवर इतका सोपा असूनही इतक्या वेळा का फसतो, याचे उत्तरही त्याच रचनेत आहे.

त्यासाठी बोटाची रचना थोडी समजून घ्यावी लागते. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला तीन पेरे आणि तीन सांधे असतात. ही पेरे हलवणारे स्नायू मात्र बोटात नसतात. काही तळहातात असतात, बरेचसे कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात. एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरून बोटांची उघडझाप केली तर कातडीखाली स्नायूंची चाललेली लगबग स्पष्ट जाणवते. या स्नायूंची ताकद बोटापर्यंत पोचवतात त्या चिवट दोऱ्या. त्यांना इंग्रजीत टेंडन आणि मराठी वैद्यकीय परिभाषेत कंडरा म्हणतात. बोलीत आपण त्यांना ‘शीर’ म्हणतो. पण आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि मज्जातंतूलाही. दवाखान्यात ‘शीर दुखावली’ असे सांगणारा रुग्ण आणि ते ऐकणारा डॉक्टर, दोघांच्या डोळ्यांसमोर पुष्कळदा वेगवेगळी चित्रे असतात.

बोट मिटणाऱ्या कंडरा जाड, गोल आणि दणकट असतात. तळहाताच्या बाजूने त्या आपापल्या नळीतून सुरक्षित जातात. बोट उघडणारी यंत्रणा मात्र नाजूक. बोटाच्या पाठीवर ती पातळ, चपट्या पट्ट्यांच्या जाळीसारखी पसरलेली असते आणि तिच्यावर कातडीखेरीज फारसे आवरण नसते. मनगटाकडून आलेली कंडरा पहिल्या पेरावर तीन भागांत वाटली जाते. मधला भाग सरळ पुढे जाऊन मधल्या पेराच्या मुळाशी चिकटतो. याला सेंट्रल स्लिप म्हणतात. आपण मधली पट्टी म्हणू. बाजूचे दोन भाग मधल्या सांध्याला दोन्ही अंगांनी वळसा घालतात, तळहातातल्या छोट्या स्नायूंचे धागे सोबत घेतात, मधल्या पेरावर पुन्हा एकत्र येतात आणि टोकाच्या पेराला जाऊन मिळतात. मधली पट्टी मधला सांधा सरळ करते आणि बाजूच्या पट्ट्या टोकाचा. या दोन बाजूपट्ट्या बोटाच्या पाठीवरच राहाव्यात, कडेला घसरू नयेत, म्हणून त्यांच्यामध्ये एक पातळ त्रिकोणी पडदा ताणलेला असतो.

आता चेंडू बोटाच्या टोकावर आदळला आणि सरळ रोखलेले बोट मधल्या सांध्यात एकदम दुमडले गेले, अशी कल्पना करा. मधली पट्टी जिथे चिकटलेली असते तिथून सुटते. कधी आपल्याबरोबर हाडाचा लहानसा कपचाही घेऊन निघते, पण अनेकदा हाडाला काहीच होत नाही. एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाहीत. म्हणजे नेमके जे तुटले, ते त्या फिल्मवर उमटतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल’ हे विधान त्या दिवशी खरे असते. चूक त्यातून काढलेल्या निष्कर्षात असते.

त्या दिवशी रुग्णालाही शंका येत नाही, कारण बोट अजून सरळ होत असते. त्रिकोणी पडदा शाबूत असतो, बाजूच्या पट्ट्या आपल्या जागी असतात आणि मधल्या पट्टीचे काम त्या काही काळ निभावून नेतात. मग दिवसागणिक, प्रत्येक वेळी बोट वाकताना, तो पडदा थोडा थोडा सैल होत जातो. दोन्ही पट्ट्या पाठीवरून कडेला आणि कडेवरून तळव्याच्या बाजूला उतरू लागतात. सांध्याचे हाड त्यांच्या मधल्या फटीतून वर येते, काजातून गुंडी यावी तसे. नाव पडले ते यावरून.

यापुढची गोष्ट यंत्रशास्त्राची आहे. दाराला बांधलेली दोरी बिजागरीच्या कोणत्या बाजूने जाते, यावर ती ओढल्यावर दार उघडणार की लागणार हे ठरते. बाजूपट्ट्या सांध्याच्या आसाच्या वर असताना बोट सरळ करीत होत्या. आसाच्या खाली उतरल्यावर त्याच पट्ट्या, त्याच स्नायूंच्या जोरावर, सांधा वाकवू लागतात. रुग्ण बोट सरळ करण्याचा जितका नेट लावेल, तितके ते मधल्या सांध्यात दुमडते. मधल्या पट्टीकडे जाणारा सगळा जोर आता टोकाच्या पेराकडे वळतो. ते मागे ताणले जाते, आणि काही काळाने रुग्णाने मनात आणले तरी वाकत नाही. म्हणजे एका सांध्याची दुखापत आता दोन सांध्यांचे व्यंग झालेली असते.

या सगळ्याला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. उपचाराच्या दृष्टीने हेच दिवस सर्वांत मोलाचे असतात, आणि ‘मुका मार आहे, बरे वाटेल’ या भरवशावर नेमके तेच निघून जातात.

त्या दिवसांत निदान करता येत नाही, असे मात्र नाही. एल्सन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९८६ साली एक तपासणी मांडली. तिला टेबलाच्या कडेखेरीज काहीही लागत नाही. दुखावलेले बोट टेबलाच्या कडेवरून मधल्या सांध्यात काटकोनात खाली वाकवायचे, मधल्या पेरावर हात ठेवून ते अडवून धरायचे आणि रुग्णाला बोट सरळ करायला सांगायचे. मधली पट्टी शाबूत असेल तर अडवणाऱ्या हाताला त्या पेराचा जोर लागतो आणि टोकाचे पेर लुळे राहते. पट्टी तुटली असेल तर मधल्या पेरात जोर नसतो आणि टोकाचे पेर मात्र लाकडासारखे ताठ होते. कारण सरळ आहे. काटकोनात वाकलेल्या बोटात शाबूत मधली पट्टी सगळी जाळी पुढे खेचून धरते, त्यामुळे बाजूपट्ट्या ढिल्या पडतात आणि टोकापर्यंत ताण पोचत नाही. मधली पट्टी सुटली की हा लगाम जातो आणि सगळा ताण टोकाला भिडतो. पहिल्या दिवशी दुखण्यामुळे ही तपासणी जमली नाही तर बोट बधिर करून किंवा चार-पाच दिवसांनी पुन्हा करता येते. तोवर बोट सरळ बांधून ठेवले तर बिघडत काहीच नाही.

दुखापत होते कशी, तर चेंडू हे एक कारण झाले. कबड्डीतली पकड, व्हॉलीबॉलचा अडवलेला फटका, दुचाकीवरून पडताना टेकलेला हात ही आणखी काही. मधला सांधा तळव्याच्या बाजूला निखळला तरी मधली पट्टी फाटते, आणि आपल्या मैदानांवरची एक जुनी खोड इथे घात करते. बोट वाकडे दिसले की संघातला कुणीतरी जाणता पुढे होतो, बोट धरतो आणि खसकन ओढून ‘बसवतो’. सांधा जागेवर येतो, टाळ्या पडतात, खेळाडू पुढची षटके टाकतो. सांधा कोणत्या बाजूला निखळला होता, ही उपचाराला सर्वांत उपयोगी माहिती त्या एका झटक्यात हरवते. स्वयंपाकघरात विळीने किंवा फुटलेल्या काचेने सांध्यावरच कापले गेले तर कंडराही कापली जाते, कारण कातडीखाली लगेच तीच असते. भाजल्यानेही ती जाते. संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णात मार काहीच नसतो. सांध्याचे अस्तर आतून सुजत राहते आणि मधली पट्टी हळूहळू झिजवते.

आता उपचार. ताज्या, जखम नसलेल्या दुखापतीत शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. लागते ती एक स्प्लिंट, म्हणजे बोटाला आधार देणारी ताठ पट्टी. ती ॲल्युमिनियमची असेल, प्लास्टरची असेल किंवा गरम पाण्यात मऊ होऊन बोटाचा आकार घेणाऱ्या थर्मोप्लास्टिकची असेल. पदार्थाला फारसे महत्त्व नाही. महत्त्व दोन गोष्टींना आहे: मधला सांधा पूर्ण सरळ राहिला पाहिजे आणि टोकाचा सांधा मोकळा राहिला पाहिजे.

दुसऱ्या अटीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. घाईत बांधलेली लांब पट्टी बोटाच्या टोकापर्यंत जाते आणि दोन्ही सांधे एकत्र जखडते. रुग्णाला वाटते, बोट जितके जास्त बांधले तितके चांगले. पण टोकाचे पेर वाकवण्याचा व्यायाम हाच या उपचाराचा गाभा आहे. मधला सांधा सरळ असताना टोकाचे पेर वाकवले की बाजूपट्ट्या पुढे आणि वरच्या दिशेने ओढल्या जातात, आपल्या मूळ जागी येतात, आणि त्यांच्यासोबत मधल्या पट्टीचे तुटलेले टोकही हाडाच्या जवळ सरकते. टोकाच्या सांध्यालगतचे तिरके बंध आखडत नाहीत, हा आणखी एक फायदा. रुग्णाने दिवसातून अनेकदा, दर तासा-दोन तासांनी दहा-बारा वेळा, पट्टी न काढता टोकाचे पेर वाकवायचे असते. बांधलेल्या बोटाला व्यायाम सांगितला की लोक चक्रावतात. फिजिओथेरपिस्टने पहिल्या भेटीत वेळ द्यावा तो हे पटवायला.

शेजारच्या सांध्याची एक बहीण-दुखापत आहे, तिची आणि हिची गल्लत होते म्हणून तिचाही उल्लेख हवा. तिला मॅलेट फिंगर म्हणतात. तीत टोकाच्या पेराची कंडरा तुटते आणि नखाकडचे पेर खाली लोंबते. तिला कारणही फार मोठे लागत नाही. गादीखाली चादर खोचतानाही ती होते. तिथे टोकाचा सांधा सहा ते आठ आठवडे सरळ बांधतात आणि मधला मोकळा ठेवतात. म्हणजे आपल्या दुखापतीच्या बरोबर उलट. शेजाऱ्याच्या बोटाची पट्टी उसनी घेऊन आपल्या बोटाला लावू नये, ते एवढ्यासाठी.

मधल्या सांध्याची पट्टी साधारण सहा आठवडे ठेवतात, अखंड. यातला ‘अखंड’ हा शब्द शब्दशः घ्यायचा आहे. तुटलेल्या टोकांमध्ये नवी ऊती भरते ती आधी लुसलुशीत असते. तिला ताण सोसण्याइतके बळ यायला आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात अंघोळीच्या वेळी ‘जरा बघू तरी’ म्हणून बोट एकदा पूर्ण वाकवले, तर सांधू पाहणारी टोके पुन्हा दूर जातात आणि मोजणी पहिल्या दिवसापासून करावी लागते. पट्टी बदलायची, बोट धुवायचे तर तळहात टेबलावर सपाट ठेवून, बोट टेबलाला टेकलेले असतानाच. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पट्टीखाली घाम साचतो, कातडी पांढरी पडून सोलते, आणि इथेच कित्येकांचा धीर सुटतो. म्हणून पट्टीखालची कातडी नियमाने कोरडी करणे हाही उपचारच आहे. चुकीच्या ठिकाणी दाबणाऱ्या पट्टीने सांध्याच्या पाठीवर जखम होऊ शकते. बोट निळसर झाले किंवा बधिर वाटले तर सहा आठवड्यांचा नियम बाजूला ठेवून ताबडतोब दाखवावे.

अलीकडे एक वेगळी पट्टीही वापरली जाते. ती सांध्यावर बसतच नाही. दुखावलेले बोट शेजारच्या बोटांच्या तुलनेत मुळाच्या सांध्यात पंधरा-वीस अंश अधिक वाकलेले राहील, एवढेच ती करते. या स्थितीत तळहातातल्या छोट्या स्नायूंची ओढ सैल पडते, उघडणाऱ्या कंडरेचा जोर मधल्या सांध्यावर येतो आणि रुग्ण हात वापरत राहू शकतो. पण ती कुणाला चालेल हे अनुभवी थेरपिस्टनेच ठरवावे.

सहा आठवडे झाले म्हणजे सुटका झाली, असेही नाही. पहिल्या आठवड्यात सांधा तीसेक अंशच वाकवू देतात. त्यातून परत सरळ येतो का, हे कोनमापकाने मोजतात. येत असेल तर पुढच्या आठवड्यात मर्यादा थोडी वाढवतात; येत नसेल तर पाऊल मागे घेतात. रात्रीची पट्टी आणखी काही आठवडे चालू राहते. मूठ पूर्ण मिटायला आणि जोर लावायला तीन महिने लागणे स्वाभाविक आहे. मेणाचा शेक या टप्प्यावर उपयोगी पडतो. तो सांधा सैल करतो, पण कंडरा जोडत नाही. शेकासाठी रोज येणारा आणि घरी व्यायाम न करणारा रुग्ण प्रत्येक फिजिओथेरपी विभागाच्या ओळखीचा असतो.

हे झाले वेळेवर पोचलेल्यांचे. उशिरा येणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि त्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न वेगळा असतो. बोट स्वतःहून सरळ होत नाही. पण दुसऱ्या हाताने सरळ करता येते का? येत असेल तर सांधा अजून मऊ आहे, दोष फक्त ओढ लावणाऱ्या यंत्रणेत आहे, आणि दुखापतीला काही आठवडे उलटून गेले असले तरी पट्टीचा उपचार करून पाहण्यासारखा असतो. येत नसेल तर सांध्याचे वेष्टण आणि बंध आखडले आहेत. अशा वेळी आधी आखडलेपण घालवावे लागते, बाकी सगळे नंतर.

आखडलेला सांधा जोर लावून मोकळा होत नाही. या साध्या गोष्टीचा एक महत्त्वाचा धडा भारतातच गिरवला गेला. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर काम करीत होते. कुष्ठरोगात कंडरा तुटत नाही. तिथे मज्जातंतू निकामी होऊन तळहातातले छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटे नख्यांसारखी वळतात. कारण वेगळे, पण वर्षानुवर्षे वाकून बसलेल्या मधल्या सांध्याचे दुखणे तेच. संवेदना नसलेल्या बोटाला जबरीने ताणले तर ते फाटते आणि रुग्णाला कळतही नाही. म्हणून बोट जेवढे सुखाने सरळ होईल तेवढे करून त्यावर प्लास्टरची पातळ नळी चढवायची, काही दिवसांनी काढून थोडे आणखी सरळ करून नवी चढवायची, ही पद्धत तिथे रुळली. तिला सीरियल कास्टिंग, म्हणजे टप्प्याटप्प्याचे प्लास्टर म्हणतात. महाराष्ट्रात कुष्ठरोग्यांच्या हातांवर काम करणाऱ्यांना ती चांगली परिचित आहे.

तिच्यामागचा नियम पुढे मोजूनही पाहिला गेला. फ्लॉवर्स आणि लास्टायो यांनी १९९४ साली आखडलेल्या मधल्या सांध्यांवर तीन दिवसांचे आणि सहा दिवसांचे प्लास्टर यांची तुलना केली. तीन दिवसांत सरासरी तीन अंशांचा फायदा दिसला, सहा दिवसांत पाच अंशांहून थोडा अधिक. आकडे लहान आहेत, अर्थ मोठा आहे. ऊती किती जोराने ताणली यापेक्षा ती ताणलेल्या स्थितीत किती वेळ राहिली, यावर फरक पडतो. दिवसातून दहा मिनिटे दात-ओठ खाऊन ओढलेले बोट उरलेला दिवस आखडण्यातच घालवते. शिवाय त्या ओढाताणीने आत नवी सूज येते आणि सूज पुन्हा आखडवते.

शस्त्रक्रियेची जागा यानंतर येते. कापलेली जखम असेल, हाडाचा मोठा तुकडा निघाला असेल किंवा निखळलेला सांधा जागेवर राहत नसेल तर ती सुरुवातीलाच लागते. जुन्या व्यंगात मात्र तिचा विचार सांधा मऊ करून घेतल्यावरच करतात, आणि पुष्कळदा तेवढ्या अवधीत बोट इतके सुधारते की रुग्ण स्वतःच नको म्हणतो. हाताचे शल्यविशारद या बाबतीत सावध असतात, त्याला कारण आहे. बोट सरळ करण्याच्या नादात मूठ मिटण्याची क्षमता गेली तर सौदा तोट्याचा ठरतो. हाताला पकड अधिक लागते. किंचित वाकलेले पण घट्ट मिटणारे बोट घेऊन माणूस हयातभर काम करू शकतो. सरळ पण न मिटणारे बोट पदोपदी आडवे येते.

व्यंगासह जगणे अशक्य नाही, एवढे यातून दिसते. पण ते फुकटही नसते. खिशात हात घालताना बोट अडकते. तोंड धुताना ते डोळ्यात जाते. भाकरी थापायला तळहात आणि बोटे सपाट लागतात, तिथे हे बोट पिठात खळगा पाडते. पेटी वाजवणाऱ्याचे सूर चुकतात. आणि टोकाचे पेर वाकत नसल्यामुळे सुईसारखी बारीक वस्तू उचलणे, सदऱ्याची गुंडी लावणे ही चिमटीची कामे बिघडतात.

एवढे सगळे समोर ठेवल्यावर प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. हे ज्ञान आपल्याला नवे नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. अशी शाळा तेव्हा आशियात दुसरी नव्हती. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या या बाईंचे नाव आज फलटणच्या शाळेमुळे अधिक ठाऊक आहे. पण हाताच्या पट्ट्या घडवण्याची कला ज्या विभागांत जोपासली गेली, त्यांची पायाभरणी त्यांनी केली. त्याच रुग्णालयात पोलिओच्या साथीनंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५५ साली हाजी अलीजवळ पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. सत्तर वर्षे उलटली. तरीही तालुक्याच्या गावी बोट दुखावलेल्या माणसाला एक्स-रे सहज मिळतो आणि बोटाची नीट बसणारी पट्टी मिळत नाही.

मग तो जातो चमक काढणाऱ्याकडे किंवा हाडवैद्याकडे. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण तो जवळ असतो, दुखरा हात हातात घेतो आणि अर्धा तास देतो. सरकारी बाह्यरुग्ण विभागात यातले काहीच होत नाही. अडचण एवढीच की चोळणे आणि ओढणे हे त्याचे मुख्य उपाय आहेत, आणि पहिल्या सहा आठवड्यांत या बोटाला वर्ज्य आहेत तेही हेच. फिजिओथेरपी या नावाखालीही काही ठिकाणी विजेचा शेक आणि मालिश एवढेच पदरात पडते. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची स्वतंत्र राज्य परिषद आहे. उपचार करणाऱ्याची तिथे नोंदणी आहे का, हे विचारायला रुग्णाने संकोच करू नये.

दुसरी अडचण मजुरीची. पट्टी स्वस्त असते, सहा आठवडे नसतात. ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणाऱ्याला ‘हात वापरू नका’ असे सांगणे म्हणजे उपचार नाकारणेच आहे. सुदैवाने इथे तसे सांगावे लागत नाही. एकच सांधा बांधलेला असतो, बाकी हात मोकळा असतो, आणि नीट बसवलेली, पक्की चिकटवलेली पट्टी लावून पुष्कळ कामे करता येतात. पण हे कामगाराला कुणीतरी समजावून सांगावे लागते, आणि कोणती कामे टाळायची तेही.

आमच्या मते सुरुवात फार खर्चिक असण्याचे कारण नाही. बोटाच्या मधल्या सांध्याला मार लागून आलेल्या प्रत्येक रुग्णाची, एक्स-रे कसाही असो, टेबलाच्या कडेवरची तपासणी व्हावी. शंका असेल तर बोट सरळ बांधून टोक मोकळे सोडावे, आणि केसपेपरवर आठ-दहा दिवसांनी पुन्हा येण्याची तारीख घालावी. जिल्हा रुग्णालयांत जिथे फिजिओथेरपिस्ट किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ नेमलेले आहेत, तिथे त्यांच्याकडे थर्मोप्लास्टिकचा तुकडा आणि गरम पाण्याचे भांडे नियमित असावे. कमरेच्या ट्रॅक्शनच्या यंत्रावर खर्च होणाऱ्या रकमेत हे किती वर्षे पुरेल, याचा हिशोब खरेदी विभागाने एकदा मांडून पाहावा.

आणि शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडाशिक्षकांना एक सूचना तोंडी दिली तरी चालेल. बोट वाकडे दिसले तर ओढू नका. बर्फ लावा, आहे त्या स्थितीत आधार द्या, अंगठी असेल तर सूज चढण्याआधी काढा आणि मुलाला दवाखान्यात न्या. बोट कोणत्या बाजूला वळले होते, ते फोनवर एक छायाचित्र काढून डॉक्टरांना दाखवा. फोन तर मैदानावर प्रत्येकाच्या खिशात असतोच.